कदाचित सर आणि ठसक्याचं तेल

"जेवलात का सर?" असं विचारलं तर कुणीही माणूस हो म्हणेल, नाही तर नाही म्हणेल. आमचे सर चष्मा काढून पुसायचे, थोडा विचार करायचे आणि म्हणायचे, "कदाचित." त्यांना खरंच आठवत नसायचं. शिकवतानाही हाच शब्द इतक्यांदा यायचा की त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. विद्यापीठात जीवरसायन शिकणारे आम्ही सगळे, अगदी विभागातले शिपाईमामासुद्धा, त्यांना कदाचित सर म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. पण रागवायचं कसं ते त्या माणसाला येतच नव्हतं.

एकदा मात्र मी त्यांना ताडकन उठताना पाहिलं. नामांतराचे दिवस होते. एका डब्यात जेवणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायला लागली होती. कुणीतरी खवचटपणे विचारलं, "काय सर, विद्यापीठाचं नाव बदलायला पाहिजे? कदाचित?" सर म्हणाले, "बदलायलाच पाहिजे. यात कदाचित कुठून आलं?" आणि अर्धा चहा तसाच ठेवून वर्गावर गेले. तो शब्द त्यांनी बाजूला ठेवलेला मी दोनदाच पाहिला. दुसऱ्या वेळेला समोर माझी आई होती.

सरांना वेड होतं जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या तेलाचं. आता बोला! करडईच्या मुलखात राहून हा माणूस जुन्या शहरातल्या अत्तारवाल्या चाचांकडे जैतुनाचं तेल शोधत फिरायचा. बाटली उघडायची, चमचाभर तेल सरळ घशात सोडायचं आणि वाट पाहायची. घसा झोंबला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं की स्वारी खूश! तो झोंबणारा, कडवट अंशच त्यांना हवा होता. चाचांचं तेल पडलं अंगाला चोळायचं, ते कसलं झोंबतंय! चाचा म्हणायचे, "सर, इसमें बहुत शिफा है," म्हणजे रोग बरा करायचा गुण आहे. सर खोकण्याचा प्रयत्न करत म्हणायचे, "शिफा का मालूम नहीं चाचा, ठसका तो नहीं है." ठसक्याचं तेल कुणी परदेशातून आणलं तरच मिळायचं. मग सर त्यातला कडवट अंश वेगळा काढायचे आणि कॅन्सरच्या पेशींवर घालून काय होतं ते पाहायचे.

या पेशी यायच्या पुण्याहून, सरांच्या एका मित्राच्या प्रयोगशाळेतून, चपट्या काचेच्या बाटलीत. त्यांना ऊब लागते, म्हणून सर बाटली सदऱ्याच्या आत छातीशी धरून एसटीनं आणायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, आत काय लपवलंय?" सरांना खोटं बोलता येत नव्हतं. म्हणाले, "कॅन्सर." नगरपासून पुढं अख्खं बाकडं त्यांना एकट्याला मिळालं. हा किस्सा सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की आम्हाला शेवट ऐकूच यायचा नाही.

आम्ही तेव्हा वाळूजला राहायचो. आजोबांची मेंढरं गंगापूरच्या अंगाला चरायची, पण वडील कारखान्यात लागले आणि आमचं बिऱ्हाड इकडं आलं. कॉलनीच्या गणपतीत मंडळाच्या पोरांना व्याख्यान हवं होतं. मी सरांचं नाव सुचवलं. सर छान बोलले. शेवटी एकानं उठून विचारलं, "तेलानं कॅन्सर मरतो का सर?" सर म्हणाले, "काचेच्या बाटलीतल्या पेशी मरतात. माणसात काय होईल ते अजून ठाऊक नाही. उपयोग होईल, कदाचित." लोकांनी काचेची बाटली मांडवातच सोडली, कदाचितही तिथंच ठेवला आणि 'मरतात' तेवढं घरी नेलं.

घरी नेणाऱ्यांत माझी आई होती. तिच्या छातीत गाठ होती. दवाखान्यात तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं. आईनं मात्र हट्ट धरला. मेंढराला गाठ आली की तेल चोळून जिरवायची, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. त्यात आता एवढा शिकलेला माणूस तेच सांगून गेला! तिनं चाचांकडचं तेल मागवलं. सकाळी प्यायची, संध्याकाळी चोळायची. वडील पाया पडायचे तेवढे बाकी होते. मी रडले, भांडले. ती एकच म्हणायची, "तुज्याच सरानं सांगितलंय न्हवं? मंग कापाकापी कशापायी?" गाठ हाताला मोठी लागायला लागली होती.

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. मीच म्हटलं, "सर, तुम्ही तिला सांगा ना, चाचांचं तेल खोटं आहे म्हणून. त्यात ठसका कुठंय?"

"मग त्या ठसक्याचं तेल शोधत बसतील," सर म्हणाले. "तेवढ्यात गाठ थांबणार आहे का? नाही. उद्या त्यांना इथं घेऊन ये."

आई डोक्यावर पदर घेऊन, अंग चोरून प्रयोगशाळेत आली. सरांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. समोर दोन बाटल्या होत्या. आंदोलनामुळे एसटी बंद होती, पुण्याहून नव्या पेशी यायचा रस्ताच नव्हता. होत्या त्या एवढ्याच.

पहिल्या बाटलीत सरांनी आदल्या दिवशीच तेलाचा अंश घातला होता. आईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आक्रसलेल्या पेशी सुटून तरंगत होत्या.

"ह्या मेल्या?"

"व्हय ताई, मेल्या."

आई माझ्याकडं वळली. "बघ! म्या काय म्हनत व्हते?"

सरांनी दुसरी बाटली उचलली. तिच्यातल्या पेशी चांगल्या जिवंत होत्या. मला कळेना ते काय करतायत. त्यांनी आतलं लाल पोषक पाणी मोरीत ओतलं आणि बाटली सरळ नळाखाली धरली. मी ओरडले, "सर, ती शेवटची!"

"माहितीये," म्हणाले आणि बाटली आईसमोर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. थोड्या वेळानं पेशी फुगल्या, मग फुटायला लागल्या. आई बघतच राहिली.

"ह्यात कोन्तं औषिद घातलं?"

"औषध नाही. नळाचं पाणी."

"पान्यानं बी मरत्यात?"

"काचेत कशानंही मरतात ताई. मिठानं मरतात, साबणानं मरतात. तिथं त्या उघड्या पडलेल्या असतात."

आईनं नळाकडं पाहिलं. हात नकळत गाठीपाशी गेला. "पानी तर म्या रोजच पिते," ती हळूच म्हणाली. "तरी ही हायेच."

सर तिच्यासमोर स्टुलावर बसले. "ताई, माझ्या तेलातून पुढंमागं काही चांगलं निघेल, कदाचित. पण तुमचं ऑपरेशन झालंच पाहिजे. यात कदाचित नाही."

आईनं पदरानं डोळे पुसले. "कधी जायाचं?" तिनं विचारलं.

ऑपरेशन झालं. आई वाचली. सरांचं काम मात्र कित्येक महिने ठप्प झालं. मी चुटपुटत तसं म्हटलं तर म्हणाले, "पेशी पुन्हा येतील की." पुढं विद्यापीठाचं नाव बदललं, त्या दिवशी सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले. निवृत्त होऊन ते लेकीकडे लांब राहायला गेले. आई दरवर्षी त्यांना करडईच्या तेलाचा डबा पाठवायची. सर फोन करायचे, "ठसका नाही, पण भाजी छान झाली, कदाचित." आई हसून हसून बेजार व्हायची.

आता मी शिकवते. ऑलिव्ह तेलानं कॅन्सर बरा होतो, असं कुणी ना कुणी मोबाइलवर पाठवतंच. मी विचारते, "बाटलीत की माणसात?"

गेल्या हिवाळ्यात सरांच्या लेकीचा फोन आला. सर गेले. आई करडईचा डबा पुसून ठेवत होती, यंदाचा. मी तिला सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, "नक्की गं?"

"हो आई."

तिनं डबा मांडीवर ओढून घेतला.

"येकदा कदाचित म्हन की."