भाजलेल्या माठाच्या रंगाचा पक्षी

हे मी घरातही कधी बोललो नाही. जळगावात रस्त्याकडेला एक कुंभारीण माठ विकते. प्रत्येक माठ बोटाने वाजवून, कान लावून मगच देते. एकदा तिच्यापाशी उभा असताना समोरच्या भिंतीवर भारद्वाज दिसला. ऋषीच्या नावाचा पक्षी, शुभ, म्हणून मी हात जोडले. सोबतचा मित्र तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, कुंभारकावळा तो." मी हसलो.

माठ खाली ठेवत ती म्हणाली, "भाऊ, भारद्वाज म्हंतस तवय हात जोडतस, कुंभार म्हंतस तवय हासतस. पाखरू तं एकच शे ना?"

त्याचे पंख भाजलेल्या माठासारखे तांबूस, म्हणून ते नाव. त्या देखण्या नावाची आम्ही शिवी केली, आणि शकुन मात्र आम्हालाच हवा. रोज तिथूनच जातो. तिची माफी मागणं अजून बाकी आहे.