कस्टममधली परेड

माझ्या मूर्खपणांची यादी करायची तर मुलगा म्हणतो, आई, एक पेनड्राइव्ह पुरणार नाही. पण त्यातला मानाचा मूर्खपणा एकच. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या घरात केलेली गणपतीची आरती मी एका विनोदी सिनेमाच्या कॅसेटच्या शेपटाला रेकॉर्ड करून घेतली, कारण सिनेमा संपल्यावर बरीच टेप उरत होती आणि नवी कोरी कॅसेट वाया कोण घालवणार? ती कॅसेट सासूबाईंना दाखवायला नाशिकला नेली. इथवर एक वेळ ठीक. पण सुट्टी संपल्यावर ती मी परत घेऊन आले. का, तर सिनेमा चांगला होता म्हणून. गॉगल कपाळावर, पर्समध्ये लिपस्टिक, आणि अक्कल बहुधा नाशिकलाच विसरलेली... अशी होते मी.

हे आज सांगते आहे कारण बशीरभाई गेले. दाभोळच्या खाडीकाठचे. आमच्या कंपनीत इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यांची, कामं करायचे आणि विमानतळावरून कुटुंबांना घेऊन यायचे. गेल्या महिन्यात मी इथे सौदीतच मुलाकडे भाजी निवडत बसले होते आणि गावाहून त्यांच्या बायकोचा, सकिनाभाभींचा, फोन आला. झोपेतच गेले म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, तुमचे परेडवाले गेले." आम्ही दोघी फोनवर रडता रडता हसलो. हसण्याचं कारण आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

सिनेमा जुना, काळापांढरा. एक जाडा, एक बारका. चुकून सैन्यात भरती झालेले. हवालदार डावीकडे म्हणाला की बारका उजवीकडे वळणार, त्याच्या खांद्यावरची बंदूक जाड्याच्या कानशिलात बसणार आणि मग एकावर एक अशी सगळी पलटण आडवी. मला तो तोंडपाठ होता. कोणता तंबू कधी कोसळतो आणि त्यानंतर सिनेमा किती उरतो, हेसुद्धा. माझं हे पाठांतरच त्या दिवशी माझ्या जिवावर उठलं.

आज इथे मॉलमध्ये सिनेमा लागतो, नातीला ही गोष्ट सांगितली तर तिला ती खरी वाटत नाही. त्या काळी पूजा म्हणजे पडदे ओढून, टाळ्या दबकत वाजवून. कळलं तर नोकरी गेली आणि चंबूगबाळं आवरून परत. विमानतळावर प्रत्येक कॅसेट कस्टमवाले आत नेऊन लावून बघायचे. ह्यांची प्लांटवर ड्यूटी होती, म्हणून धाहरानच्या विमानतळावर मला घ्यायला बशीरभाई आले होते. अरबी बोलणारा माणूस म्हणून त्यांना आत सोडलं. अधिकाऱ्याने माझी बॅग उपसली, कॅसेट उचलली आणि बाजूच्या खोलीकडे बोट केलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चालता चालता मी कशीबशी बोलले.

"बशीरभाई, सिनेमाच्या मागे आरती आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चेहरे दिसतात?"

"सगळ्यांचे. आपल्या सगळ्या बिऱ्हाडांचे. आणि... तुम्ही मोदक खाताय, तेही."

त्यांनी माझी उपसलेली बॅग स्वतःच्या हातात घेतली आणि चालत राहिले. त्यांना काय होऊ शकत होतं याचा विचार करायचीही माझी हिंमत नव्हती.

खोलीत एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि दोन कंटाळलेले तरुण अधिकारी. नाशिकला मी कॅसेट मागे फिरवत असताना मध्येच वीज गेली होती आणि वीज आल्यावर मी ती तशीच काढून बॅगेत कोंबली होती. त्यामुळे पडद्यावर आला तो थेट शेवटचा भाग. परेड सुरू. बारका उजवीकडे वळला आणि पहिला अधिकारी खुदकन हसला. दुसऱ्याने खुर्ची पुढे ओढली. ज्या सिनेमाला मी पोट धरून हसत आले, त्याला कुणी हसू नये म्हणून मी देवाचा धावा करत होते. चांगला वाटला तर हे शेवटपर्यंत बघणार! आणि शेवट आलाच होता. तंबू कोसळला... म्हणजे आता जाडा चिखलात पडणार, की संपलं. ज्याची आरती टेपवर होती त्यालाच साकडं घालत होते मी, की बाबा रे, येऊ नकोस.

कोपऱ्यात फरशी पुसायचा मॉप उभा होता. बशीरभाईंनी तो उचलला, बंदुकीसारखा खांद्यावर टाकला आणि बारक्याच्या चालीने खोलीभर परेड करायला लागले. चार माणसांत मान वर न करणारा हा माणूस. डावीकडे म्हणत उजवीकडे वळले, दांडा कपाटावर आपटला. अधिकारी टीव्ही सोडून त्यांच्याकडे वळले आणि फुटलेच. त्यांच्या पाठीमागे सिनेमा संपला, पडद्यावर मुंग्या आल्या. मी त्या मुंग्यांकडे बघत उभी. मुंग्या गेल्या आणि आमच्या बैठकीच्या खोलीतला हिरवा पडदा दिसला... मग समईपाशी वाकलेली मी. आवाज अजून नव्हता, वात लावेपर्यंत सगळे गप्प होते. बशीरभाईंनीही ते पाहिलं. पुढच्या पावलाला ते माझ्या बॅगेला अडखळून असे काही पडले की मॉपच्या दांड्यात टीव्हीची वायर अडकून निघाली आणि टीव्ही काळा झाला. अधिकारी डोळे पुसत होते. एकाने त्यांना हात देऊन उठवलं, टीव्ही तसाच बंद ठेवून कॅसेट बाहेर काढली आणि माझ्या हातात ठेवली. "खलास, यल्ला." म्हणजे झालं, निघा.

ते पडले की त्यांनी मुद्दाम स्वतःला पाडून घेतलं, हे मी पुढे कित्येकदा विचारलं. दर वेळी ते गुडघा दाखवायचे आणि विषय बदलायचे.

बाहेर पार्किंगमध्ये त्यांनी सामान गाडीत ठेवलं. आत बसल्यावर किल्ली काही केल्या भोकात जाईना. किल्ली खाली पडली, ती उचलायलाही ते वाकले नाहीत. कपाळ स्टिअरिंगवर टेकून तसेच बसून राहिले. मागच्या सीटवर मी कॅसेट छातीशी धरून रडत होते. आता हा माणूस मला झाडणार आणि झाडलंच पाहिजे, अशी मनाची तयारी मी केली होती. मान न वळवताच बशीरभाई म्हणाले,

"वहिनी, पुढल्या खेपेला बाप्पाला त्याची स्वतःची कॅसेट द्या. त्या दोन येड्यांच्या मागे रांगेत उभं करू नका बिचाऱ्याला."