कुबडावरचा सदरा

माधवनगरच्या गिरणीचा दुपारचा भोंगा थांबला की आमच्या शिंप्यांच्या मशीनची खडखड पुन्हा ऐकू यायची. उन्हाच्या तिरिपीत कापसाचे तंतू संथ तरंगायचे आणि त्यात पाठीवर मोठं कुबड असलेले ते शिंपी पाण्याखाली बसल्यासारखे दिसायचे. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही. सगळे चाचा म्हणायचे. गिऱ्हाइकाचं माप ते गाणं म्हटल्यासारखं मोठ्याने सांगायचे, मग पाटीवर लिहायचे.

लढाईमुळे कापड रेशनवर मिळत होतं. मी नऊ वर्षांची, चांगलीच जाड. माझ्या पोलक्याला कापड जास्त लागतं हे घरात रोज ऐकायची. त्या दिवशी पोलकं शिवायला टाकायला गेलो तेव्हा आई हळूच म्हणाली, "आवं चाचा, माप मनातच म्हना. पोरगी लाजतीया."

चाचांनी टेप माझ्या हातात दिली. "आदी माजं घे, बाय." ते पाठमोरे बसले. मी मानेपासून कमरेपर्यंत, कुबडावरून, भीत भीत टेप धरली.

"बावीस," मी पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं."

"बावीस!"

त्यांनी ते शांतपणे पाटीवर लिहिलं आणि स्वतःच्या अंगातल्या सदऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. कुबडावर एकही सुरकुती नव्हती. "खरं माप लिवलं," ते म्हणाले, "म्हनून सदरा बसलाय."

मग त्यांनी माझ्या कमरेभोवती टेप धरली. ते गाऊ लागायच्या आत आकडा मीच वाचला, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.