धुतलेला कोळसा

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि लवकर भडकतो, दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक हायेत. पण त्या दिवशी भडकलो तेवढा कधीच भडकलो न्हाई.

शाळेच्या विहिरीच्या पाण्याला वास यायचा. चारी बाजूंनी कपाशी, फवारणीचं औषध झिरपणारच. पोरं पाण्याला तोंड लावीनात. दहा ठिकाणी हात जोडून मी कोळशाच्या फिल्टरची टाकी मिळवली. हा कोळसा साधा नसतो. त्याच्या दाण्यांवर हळूहळू जंतू वस्ती करतात आणि पाण्यातली घाण खातात. ती वस्ती व्हायला दोन महिने गेले. मंग वास गेला, पोरं नळावर भांडायला लागली. आता टाकी देणाऱ्यांची एकच तपासणी बाकी होती. पास झालो तर टाकी शाळेची, नापास झालो तर दुसऱ्या गावाची.

तपासणीच्या आदल्या दिवशी चतुर्थी आली. राजूरच्या गणपतीला पायी जाणारी माणसं आमच्याच नळावर पाणी पितात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो, तर साफसफाईच्या मावशी सगळा कोळसा घमेल्यात काढून ब्लिचिंग पावडरनं खसाखसा घासून राह्यल्या होत्या!

"मावशी, काय केलं हे?"

"बिलकुल साफ केलं, सर. तुमीच पोरायला सांगत व्हते, कोळशात जंतू हायेत म्हणून. गणपतीची माणसं पितील, माझा नातू पितो."

माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोललो. मावशी ओल्या हातांनी उभ्या राहिल्या. शेवटी दम लागला तेव्हा सांगितलं, ते जंतू चांगले होते, मुद्दाम वाढवले होते, आता परत दोन महिने लागतील.

"म्हंजी विरजण व्हतं का ते?"

मी मान डोलावली.

"मंग तसं सांगायचं ना, सर. विरजणाचं गाडगं कुनी पावडरीनं धुतं का? जंतू म्हणल्यावर बाईमाणूस घासणारच की."

एवढ्या पदव्या घेतल्या, अन् एक शब्द सुचला न्हाई! स्वतःच्याच थोबाडीत मारावी वाटली.

तपासणीत पाण्याचा नमुना नापास झाला. टाकी टेम्पोत चढली, तेव्हा मावशी नातवाला कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. ड्रायव्हरला त्यांनीच बजावलं, "त्या गावच्या बाईला सांगा, आत विरजण लागायचंय. धू नको म्हणावं."