कुंदाच्या पासावर मी पालघरला जाते

सकाळी बरोबर आठ वाजून वीस मिनिटांनी माझ्या बाळाला पहिली शिंक आली, आणि माझ्या अब्रूचे दिवस भरले!

हसू नका, आधी ऐका. फजिती माझी आहे, तेव्हा हसायचं कुठे तेही मीच सांगेन.

दुसरी शिंक आली तेव्हा मी हातातला झारा टाकून पाळण्याकडे धावले. आठ महिन्यांचं पोर! शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, आताच मिरचीची फोडणी दिलीस ना? मंग शिंकणार नाय तर काय गाणार?" फोडणी दिली होती, हे खरं. पण माझ्या जिवाला कोण समजावणार? पालघरच्या डॉक्टरांना दाखवायचंच, असं मी ठरवलं. आमचे हे पहिल्या पाळीला बोईसरच्या कारखान्यात गेलेले. सासरे, म्हणजे मामंजी, वाडीत चिकू उतरवत होते. माझी नणंद कुंदा परीक्षेची सुट्टी म्हणून माळ्यावर दार लावून अभ्यासाला बसलेली.

आता कुंदाचं सांगायलाच हवं. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी ती. मी सातवीत शाळा सोडली, म्हणून मला तिचं फार कौतुक. मामंजी आधी तयारच नव्हते. "तारापूर ते पालघर रोज यष्टी? नाय परवडायची," म्हणाले. मग कुंदानं सांगितलं, की कॉलेज सगळ्या मुलांकडून फीबरोबर थोडा बसनिधी घेतं. सक्तीनं. कॉलेजच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांकडूनसुद्धा! त्यातून लांबून येणाऱ्या मुलांचा पास अगदी स्वस्तात होतो. मामंजी विरघळले. पण बजावून ठेवलं, "कालेजातून तक्रारीचा एक कागद घरी आला, का शिक्षण बंद." आणि आमचे मामंजी बोलले की बोलले.

मला ती युक्ती इतकी आवडली म्हणून सांगू! सगळ्यांनी चिमूटभर द्यायचं आणि एखादीचं शिक्षण पार पडायचं. विहिरीवर धुणं धुताना मी चार जणींना ते समजावून सांगितलं होतं. नुसतं स्वतः तेवढं समजून घेतलं नव्हतं! माझ्या डोक्यातलं गणित सरळ होतं. फी घरातून गेली, तीही सक्तीनं, म्हणजे पास घराचा. आणि कुंदा सुट्टीवर, पास आपला खुंटीवर टांगलेला. एकेक दिवस फुकट चाललेला! मी त्या पासाकडे उतू चाललेल्या दुधाकडे बघावं तशी बघत होते.

तर मी बाळाला दोन स्वेटर, टोपी, वर शाल असं गुंडाळलं, खुंटीवरचा पास काढला आणि निघाले. कुंदाला विचारलं का? छे! रेशनची पिशवी नेताना कुणी विचारतं का?

बसमध्ये कंडक्टर आले. मी ऐटीत म्हटलं, "पास!"

त्यांनी पासावरच्या काळ्या-पांढऱ्या फोटोतली दोन वेण्यांची कुंदा बघितली. मग मला बघितलं. मग माझ्या मांडीवरचं गाठोडं बघितलं.

"ताई, हा फोटो तुमचा?"

"नाही हो, माझ्या नणंदेचा."

इतकं सरळ उत्तर त्यांना आख्ख्या नोकरीत मिळालं नसावं. त्यांनी पास उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मग त्या कुठे आहेत?"

"घरी. अभ्यास करतेय."

"आणि तुम्ही?"

"मी डॉक्टरांकडे चाललेय. पास रिकामाच होता ना!"

बसमध्ये खसखस पिकली. कंडक्टर मात्र हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ताई, ज्याच्या नावाचा पास, त्यानंच बसायचं असतं."

"असं कसं? रेशन कार्ड मामंजींच्या नावावर आहे, साखर मी आणते. दुकानदार म्हणतो का, सासऱ्यांना पाठवा म्हणून?"

मागच्या बाकावर टोपली घेऊन बसलेली एक कोळीण मावशी गरजली, "बराबर बोलते गो पोरगी! जाऊ दे रं तिला!"

पुढचे एक टोपीवाले काका वळले. "वा! उद्या नवऱ्याचं लायसन घेऊन बायको बस चालवील!"

"चालवील! तुज्या पोटात का दुखतंय?"

झालं! बस दोन पक्षांत वाटली गेली. मला चेव चढला. मी बाळाला खांद्यावर टाकून उभीच राहिले. "फी सक्तीनं घेता ना? मग मीपण सक्तीनंच बसणार!"

टाळ्यासुद्धा पडल्या हो! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या बोलण्याला टाळ्या दिल्या.

कंडक्टरांनी टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाले, "ताई, मला पास डेपोत जमा करावा लागेल. तिथून कॉलेजला पत्र जाईल आणि कॉलेज घरी कळवेल."

"घरी? कुणाला?"

"मुलीच्या वडिलांना."

मी मटकन बसले. म्हणजे तक्रारीचा कागद मीच घरी धाडत होते! माळ्यावर ती बिचारी पाठांतर करतेय, आणि इथे मी तिचं कॉलेज बुडवतेय!

"तिकीट घेते हो! दोन घेते! बाळाचंही घेते!"

"बाळाला तिकीट लागत नाही."

"तरी फाडा!"

"पास दाखवलात ना ताई, आता माझ्या हातात नाही." तिकीट त्यांनी एकच फाडलं. आवाज मात्र एकदाही चढवला नाही. एवढ्या सभ्य माणसावर रागावणार तरी कसं?

आणि ती कोळीण मावशी काय म्हणाली असेल? "आदीच तिकीट काढायला काय झालं होतं गो तुला?"

पालघरला उतरले ती रडतच. डेपोतल्या पासाच्या खिडकीशी एक मुलगी कॉलेजातल्या मुलांचे पास नवे करून घ्यायला त्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. कंडक्टरांनी कुंदाचा पास कंट्रोलर साहेबांपुढे ठेवला, तशी ती पुढे आली. "अय्या, हा आमच्या कुंदाचा!" तिचं नाव मीनल, कुंदाच्याच वर्गातली. मी तिला हुंदके देत सगळं सांगितलं.

तिनं बाळाला घेतलं आणि कंट्रोलरना म्हणाली, "साहेब, फसवायला निघालेलं माणूस स्वतःहून सांगतं का, हा पास नणंदेचा म्हणून? आणि कॉलेजातली मुलगी म्हणून मिरवायचं असतं तर बरोबर बाळ आणलं असतं का?"

कंट्रोलरनी कंडक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "खरं आहे साहेब. बाई एक शब्द खोटं बोलल्या नाहीत. मलाच चार वेळा खरं सांगितलं!" आता मात्र तेही हसले. साहेबांनी दंड घेतला, पत्र लिहिलं नाही, आणि पास मीनलच्या हातात दिला. मी हात पुढे केला होता. त्यांनी बघितलाच नाही!

बाहेर आल्यावर मी मीनलला विचारलं, "तुझा पास कुठाय गं?"

"माझा नाही, वहिनी. मी इथेच राहते, चालत येते."

"आणि फी?"

"भरते ना. सगळेच भरतात."

"मग तुला काय मिळतं त्यातून?"

ती जराशी लाजली. "कुंदा मिळते की वर्गात. नाहीतर ती घरीच राहिली असती."

मी एका बसभर भांडले होते त्या पासासाठी. आणि ही पोर कधी बसमध्ये न चढता दुसरीचे पैसे भरते, वर तिच्यासारख्यांचे पास करायला उन्हात उभी राहते! मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली.

डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, दोनपैकी एक स्वेटर काढा.

कुंदाला मी घरी पोचल्या पोचल्या सगळं सांगून टाकलं. ती दोन दिवस बोलली नाही. सुट्टी संपून कॉलेजात गेली ती मात्र हसत हसत परत आली. फळ्यावर मीनलच्या अक्षरात नवीन सूचना लागली होती: 'पास स्वतःजवळच ठेवावा. घरात वहिनी असल्यास विशेष काळजी घ्यावी.'

तर बायांनो, एवढं करा. फी भरताना कुणी कुरकुरलं, की आमचं पोर चालत जातं, आम्ही का द्यायचं, तर त्याला मीनलची गोष्ट सांगा. आणि ज्यांच्या घरात पास आहे, त्यांना माझी सांगा. नाव सांगायची गरज नाही. पालघर डेपोत नुसतं विचारलं तरी बोट दाखवतील, "त्या का? चार वेळा खरं बोलून पकडल्या गेलेल्या!"