चौथ्याचं वजन

परवा दोह्यात टायर बदलायला गेलो आणि नव्या रबराच्या वासाने काही वर्षांपूर्वीची ती गाड्यांची शोरूम आठवली. हिवाळ्यात वाळवंटात मुक्कामाला जायचं म्हणून आम्ही कॅरव्हॅन घेतली होती आणि ती ओढायला दणकट पिकअप हवा होता. रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये रोज यंत्रांशी झटणारा मी, पण तिथल्या आकड्यांनी पार गोंधळलो. ओढायचं वजन वेगळं, गाडीने अंगावर घ्यायचं वेगळं. "ये वाला खींचेगा?" असं विचारलं की सेल्समन म्हणे, "इन्शाल्ला." मग त्याने कागद काढला. "बैठनेवाले कितने? सबका वजन लिखना है." मी म्हणालो, "तीन." बायको हळूच म्हणाली, "अरे, चार सांग." मला वाटलं, आई येतेय की काय! "मम्मा, वी आर थ्री," लेक म्हणाली. "चारच," बायको म्हणाली. सेल्समनने विचारलं, "चौथे का वजन?" "अभी तो कुछ नहीं," म्हणत बायको लाजून हसली. त्याने "मबरूक!" म्हणून माझा हात हातात घेतला, तेव्हा मला वाटलं, पिकअप ठरला म्हणून अभिनंदन करतोय. "बाबा, यल्ला, चला ना!" परवा मागच्या सीटवरून तोच चौथा ओरडत होता. टायरवाल्याने विचारलं, "गाडी में लोड कितना रहता है?" मी म्हणालो, "चार."