आप्पांचा उजवा अंगठा

आमच्या घरात अकरा वर्षं एका पायाचा अंगठा आशीर्वाद देत होता.

आज सकाळी आई गेली, म्हणून हे लिहितेय. नव्वदी कधीच ओलांडली होती तिने. मी दमलेय खूप, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आप्पा म्हणजे माझे वडील. लालबागला मिलमध्ये होते. मी नऊ वर्षांची असताना ते संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेले, पळापळ झाली, पडले. डोकं फूटपाथच्या कडेवर आपटलं.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. डावं अंगही धड हलेना.

सुरुवातीला पाय नुसता लुळा. डॉक्टर गुडघ्यावर छोटी हातोडी मारायचे, पाय ढिम्म.
दोनेक महिन्यांनी त्याच हातोडीने असा उडाला, की डॉक्टरांचा चष्मा थोडक्यात वाचला!

आईने देवापुढे साखर ठेवली.

मग दसरा आला. सोनं देऊन मी आप्पांच्या पाया पडले, हात तळव्याला घासून गेला. अंगठा वर झाला, बाकीची बोटं पसरली.

आई ओरडलीच, "बघितलंस गो? आशीर्वाद दिल्यानी!"

झालं! अख्खी चाळ रांगेत. परीक्षेला जाणारी पोरं, नव्या सुना. काही चावट मेले तर खात्री करायला दोनदा वाकायचे.
मुंबई मिळाली त्या दिवशीचा पेढासुद्धा आधी त्या पायापाशी.

पुढे मी नर्सिंगला गेले. तिथे शिकवलं, मेंदूला मार बसला की पायावरचा त्याचा लगाम सुटतो, हातोडी नुसती लागली तरी पाय उडतो. तळव्यावरून काही ओढलं की अंगठा वर जातो. तान्ह्या बाळाचाही जातो. ही बरं होण्याची खूण नव्हेच.

ड्युटीवरून वैतागून आले आणि आईला सगळं फाडकन सांगून टाकलं.

ती आप्पांची चादर बदलत होती. थांबलीसुद्धा नाही.

"माका म्हायत आसा. डॉक्टरांनी पयल्याच वर्साक सांगलेला."

"मग लोकांना का फसवतेस?"

"लोकांचा सोड. अख्ख्या दिवसात ह्यांचो तेवढोच अंगठो हलता माझ्यासाठी. तो तरी ऱ्हवांदे."

त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

आज आईच्या पायांवर डोकं ठेवलं. जुन्या सवयीने तळव्यावरून बोट ओढलं.

अंगठा हलला नाही.

आशीर्वाद मी घेतलाच.

आई, त्या दहा बाय दहात तुला कधी पाय पसरायला मिळाले नाहीत. आता नीट पसर. झोप.